तीन टिंबांचा बिल्ला

"पाना गेला परगावा, बिल्ला सांगे त्याच्या नावा!"

बाबांचा हा आवाज दादाच्या कानात अजून जसाच्या तसा होता. किंचित घोगरा, शेवटच्या अक्षराला झोका देणारा, कारखान्यातल्या टूलरूमच्या जाळीच्या खिडकीआडून येणारा. दादा तेव्हा आठ-नऊ वर्षांचा असेल. डबा पोचवायला गेला की त्या खिडकीशी टाचा उंचावून उभा राहायचा. आत भिंतभर खिळे, आणि खिळ्यांवर पाने, कानशी, छिन्न्या, पकडी. कामगार यायचा, पाना मागायचा, आणि पाना निघाला की त्याच खिळ्यावर आपला नंबर कोरलेला पितळी बिल्ला अडकवून जायचा. वस्तू गेली की तिच्या जागी नेणाऱ्याचा बिल्ला, एवढाच कायदा. बाबा तो प्रत्येकाला यमकात ऐकवायचे, साहेबालासुद्धा. "खिळा रिकामा ठेवू नये रे," ते दादाला सांगायचे. "रिकामा खिळा म्हणजे मुका साक्षीदार. त्याच्या डोळ्यांदेखत झालेलं असतं, पण सांगणार कसं?" घरातही त्यांनी दाराशेजारी सागवानी पट्टी ठोकली होती, पाच खिळ्यांची, किल्ल्यांसाठी. पितळी पत्र्याचे चार गोल कापून त्यांवर पंचानं टिंबं उठवली होती. बाबांच्या बिल्ल्याला एक टिंब, आईच्या दोन, दादाच्या तीन, धाकट्याच्या चार. घराची किल्ली कोण घेऊन गेलं हे हाका मारून विचारायची आमच्यात पद्धत नाही, असं ते पाहुण्यांना ऐटीत सांगायचे. आई गेली तेव्हा तिचा दोन टिंबांचा बिल्ला त्यांनी पाचव्या खिळ्यावर अडकवला आणि पुन्हा काढला नाही. त्याबद्दल मात्र त्यांनी यमक केलं नाही.

तो आवाज आता या गुरुवारी पुन्हा ऐकू यायला तसं काही निमित्त नव्हतं. फोनवर एक बाई होती. घरोघर फिरून आजाऱ्यांना इंजेक्शनं देणारी, जखमा बांधणारी नर्स. तिला दादाची मोटरसायकल घ्यायची होती. अठरा वर्षांची गाडी, पण इंजिन कसं, तर टाळ्या वाजवल्यासारखं एका लयीत. दादा टायरचं बोलला, बॅटरीचं बोलला, पुसायच्या फडक्यापासून जादा प्लगपर्यंत काय काय सोबत देणार ते बोलला. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आणि दुसरी चावी?"

"हरवली," दादा म्हणाला. "भावानं हरवली."

फोन ठेवल्यावर तो तिथंच स्टुलावर बसून राहिला. किती अलगद निघाला तो शब्द! चपलेत पाय जावा तसा. जराही अडखळला नाही. नातेवाइकांपुढे हे वाक्य बोलून बोलून गुळगुळीत झालं होतं, तिथं त्याची एक गरज तरी होती. पण या बाईशी काय देणंघेणं? तिला 'चावी एकच आहे' म्हटलं असतं तरी चाललं असतं. भावाला मध्ये ओढायचं कारण काय होतं? आणि दादा हा सगळा विचार करत होता तेव्हा ती दुसरी चावी त्याच्यापासून चार हातांवर, कपाटाच्या खालच्या कप्प्यात, चष्म्याच्या जुन्या घरात पडलेली होती. सोळा वर्षं ती टूलरूमच्या खिडकीखाली आतल्या बाजूच्या खिळ्यावर लटकत होती, जिथं बसणाऱ्यालाच हात घालता येतो. बाबांनंतर त्या खिडकीशी दादाच बसला होता. दोन वर्षांपूर्वी साखरेच्या आजारानं बोटं बधिर होऊ लागली, हातातून माप निसटायला लागलं, तेव्हा त्यानं नोकरी सोडली आणि शेवटच्या दिवशी सगळ्या खिळ्यांचा हिशेब नव्या माणसाला समजावून दिला. त्या एका खिळ्याचा सोडून. चावी खिशात घालून घरी आणली. तिला त्यानं कधी गंजू दिलं नव्हतं. वर्षातून एकदा तेलाचं बोट फिरवायचा. कशासाठी, हे स्वतःलाही विचारत नसे.

शुक्रवार-शनिवार त्यानं गाडीचं एकेक सामान काढून ओसरीत जुन्या वर्तमानपत्रावर मांडलं. पान्यांची गुंडाळी, एक दिव्याचा बल्ब कापसात लपेटलेला, साखळीची जादा कडी, कधीच न लावलेला डावा आरसा, गाडीवर घालायचं कव्हर, कंपनीचं माहितीपुस्तक. प्रत्येकाला त्यानं पुठ्ठ्याची चिठ्ठी दोऱ्यानं बांधली, टूलरूममध्ये बांधायचा तशी. बोटांना दोरा लागत नव्हता, तेव्हा गाठ दातांनी ओढली. शाळेत शिकवून आलेली बायको दारात उभी राहून बघत होती. "मुलगी सासरी पाठवताय की गाडी विकताय?" ती म्हणाली. मग जवळ येऊन वाकली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "अहो, भावजी येतायत ना रविवारी सही करायला? दोन घास जास्तीचे करते. किती वर्षांनी यायचेत." गाडी धाकट्याच्या नावावर होती. घेतली तेव्हा बाबाच म्हणाले होते, जो चालवतो त्याच्या नावावर. दादा कारखान्याच्या बसनं जायचा, त्याला गाडी रविवारची. धाकटा मात्र दिवसभर कागदपत्रं पोचवत शहरभर हिंडायचा. त्याला बाबा भिंगऱ्या म्हणायचे. एका जागी ठरेल तर शपथ.

भिंगऱ्या! आता तो दूरच्या शहरात होता, सेहेचाळीस वर्षांचा, पोट सुटलेला, कुठल्याशा गोदामाचा व्यवस्थापक. महिन्यातून एकदा फोन करायचा. तिकडे गरम आहे का, इकडे गरम आहे, गुडघा कसा आहे, ठीक आहे. आणि लग्नाकार्यात भेटले की मावश्या-आत्या त्याला 'हरव्या' म्हणायच्या. "अगं, किल्ल्या हरव्याकडे नका देऊ, रात्र बाहेर काढावी लागेल!" सगळे हसायचे. भिंगऱ्याही हसायचा, दोन्ही हात वर करून, पोलिसाला शरण गेल्यासारखा. दादा तेवढ्यात पाणी प्यायला उठायचा.

वर्तमानपत्रावरच्या त्या रांगेत, पुस्तकाशेजारी, त्यानं बोटभर जागा रिकामी ठेवली आहे हे त्याला शनिवारी संध्याकाळी दिसलं. हातानं आपोआप ठेवली होती.

हाताचं हे असंच असतं. माणूस ठरवतो एक आणि हात आपली जुनी नोकरी बजावतो. अठरा वर्षांपूर्वी, त्या दिवशी सकाळीही तसंच झालं असेल का? आदल्या संध्याकाळी भिंगऱ्या गाडी घेऊन आला तो टाकीवर नखाएवढा ओरखडा पाडून. दादानं दर रविवारी मऊ फडक्यानं पुसलेली टाकी! दादा बोलला, तर तो गाडीवर बसल्या बसल्या हसत म्हणाला, "दादा, गाडी फिरवायला असते रे, पुसायला नाही." बाबाही हसले. दादाला त्या हसण्याचंच जास्त लागलं. रात्रभर ते वाक्य अंगाखाली खड्यासारखं टोचत राहिलं. सकाळी पहिल्या पाळीला निघताना, घर झोपेत असताना, त्यानं पट्टीवरून भिंगऱ्याची चावी काढली. स्वतःची तर खिशात होतीच. एक दिवस चाल पायी म्हणजे कळेल, असं तो मनात म्हणाला होता. एकच दिवस. संध्याकाळी येऊन तो ती चावी परत अडकवणारच होता, वर दोन शब्द सुनावणार होता, आणि बाबा म्हणणार होते, पुरे रे आता, भांडू नका, आणि सगळे जेवायला बसणार होते. ती संध्याकाळ त्यानं इतक्या वेळा मनात घडवून पाहिली होती की कधी कधी ती झालीच असं वाटे.

दुपारी बाराला बाबांच्या छातीत कळ आली. दादाची बायको शाळेत, घरात एकटा भिंगऱ्या. गाडी दाराशी उभी, चावी नाही. दवाखाना गाडीनं सात मिनिटांवर. भिंगऱ्या मोठ्या रस्त्यापर्यंत धावत गेला, रिक्षा मिळेना, मिळाली ती येईना. बाबांना उचलून रिक्षात घालीपर्यंत अर्धा तास गेला. हे सगळं दादाला नंतर इतरांकडून कळलं. तो स्वतः दवाखान्यात पोचला तेव्हा बाबांवर चादर ओढलेली होती आणि भिंगऱ्या बाहेरच्या बाकावर बसला होता, एका पायात चप्पल, दुसरा पाय अनवाणी. दादाच्या पँटच्या खिशात दोन चाव्या होत्या. पाऊल टाकलं की एकमेकींवर वाजत होत्या. त्यानं खिशात हात घालून त्या मुठीत धरल्या, वाजू नयेत म्हणून. तो सांगणारच होता. तोंड उघडलंही होतं. पण भिंगऱ्यानं मान वर केली आणि आधीच म्हणाला, "दादा, चावी मी हरवली." दादा म्हणाला, "अरे..." आणि पुढे काही नाही. ते 'अरे' अठरा वर्षं तसंच उघडं राहिलं होतं.

भिंगऱ्या असं का म्हणाला, याचं उत्तर दादानं स्वतःच्या सोयीनं तयार केलं होतं. धांदरट तो, त्याला खरंच वाटलं असेल की आपणच कुठं टाकली. पण त्या उत्तराला एक फट होती, आणि त्या फटीतून त्याला गार वारा लागत राही. घरी आल्यावर गर्दीत त्यानं पट्टीकडे पाहिलं तेव्हा गाडीच्या चावीचा चौथा खिळा रिकामा होता. आणि दादाचा तीन टिंबांचा बिल्ला कुठंच नव्हता. सकाळी चावी काढली तेव्हा त्यानं तो अडकवला होता का? चोरून नेताना कोण स्वतःचं नाव मागे ठेवेल! पण हात... जन्मभर, काहीही काढलं की त्या जागी बिल्ला ठेवणारा हात. त्याला आठवत नव्हतं. अडकवला असेल आणि कुणाच्या धक्क्यानं पडला, केराबरोबर गेला असेल. किंवा कुणी पाहिला असेल. दर लग्नात, दर बारशात तो माणसांच्या चेहऱ्यांवर तीन टिंबं शोधायचा. वर्षाच्या आतच भिंगऱ्यानं दूरची नोकरी धरली, गाडी इथंच ठेवली. "तूच वापर दादा, मला आता नको वाटतं चालवायला." तेव्हापासून त्यानं गाडी हातात धरली नाही. ज्याला वारा कमी पडायचा तो माणूस बसच्या रांगेत उभा राहू लागला. आणि हे सगळं ज्यानं थांबवायचं तो दर रविवारी ओरखडा सोडून बाकीची टाकी पुसत होता.

रविवारी दहाच्या सुमारास भिंगऱ्या आला. हातात पिशवी, कपाळावर घाम. "वहिनी, वजन बघू नका, आधी पाणी द्या," तो दारातूनच म्हणाला. बायको हसली. आत येताना त्यानं चप्पल काढली आणि क्षणभर पट्टीसमोर थांबला. पट्टी अजून होती. पाचव्या खिळ्यावर आईची दोन टिंबं, त्याच्याशेजारी बाबांचं एक. ते दादाच्या बायकोनं अडकवलं होतं. भिंगऱ्यानं बोटानं एकाला हलकेच ढकललं, आणि दोन्ही बिल्ले किणकिणले. दादाला वाटलं, आता सांगावं. पण बायको पाणी घेऊन आली, मग गुडघ्याचं निघालं, मग भिंगऱ्याच्या मुलाच्या परीक्षेचं, आणि सांगायची वेळ चहाच्या वाफेसारखी समोरून उडून गेली. कागदांवर सही करताना भिंगऱ्या म्हणाला, "अठरा वर्षं सांभाळलीस रे. माझ्या नावावर आणि तुझ्या जिवावर." यात टोमणा आहे का, ते दादा बराच वेळ चाचपत राहिला. नव्हता. तेच जड गेलं.

नर्सबाई अकराला आली. तिशीची, सडपातळ, केस घट्ट बांधलेले. पायात मळकट पांढरे बूट. तिनं यादीच काढली होती, आणि दादाला ती त्यामुळे आवडली. ओसरीतल्या मांडलेल्या सामानावर नजर फिरवून ती म्हणाली, "अगंबाई, माझ्या औषधांच्या कपाटाला पण एवढ्या चिठ्ठ्या नाहीत." प्रत्येक वस्तू उचलून, नाव वाचून तिनं यादीत खूण केली. मग अंगणात जाऊन गाडीभोवती फिरली. टाकीवरच्या ओरखड्यावर तिचं बोट थांबलं.

"हे?"

"हे माझं," भिंगऱ्या म्हणाला. "आणि पुढचं ऐका, दुसरी चावी हरवली तीही मीच. आमच्या घरात जे हरवतं ते माझ्याच नावावर." त्यानं दोन्ही हात वर केले, तसेच, शरण गेल्यासारखे.

बाई हसली नाही. "असं नको होतं. बघा, मला कधीही निघावं लागतं. कुणाची सलाईन बंद पडते, कुणाला धाप लागते. माणूस तिकडे वाट बघत असतो आणि आपण इकडे चावी शोधत बसायचं, हे मला जमणार नाही. एक चावी अंगावर, एक दाराशी, असंच हवं मला." ती दादाकडे वळली. "काका, एकदा नीट बघाल का घरात? मी तेवढ्यात नाक्यापर्यंत चक्कर मारून येते. ही माझी पिशवी ठेवते इथं."

दादानं खिशातली चावी तिला दिली. इंजिन सुरू झालं, तो ओळखीचा ठोका अंगणात भरला, फाटकाबाहेर गेला, वळणावर बारीक झाला. मागे राहिली पिशवी, तेलाचा एक ठिपका आणि ते दोघे. भिंगऱ्या पायरीवर टेकला. उन्हात डोळे बारीक करून रस्त्याकडे बघत होता. बोटभर रिकाम्या जागेचं ते वर्तमानपत्र दारातून दिसत होतं. दादाला एकदम कळलं की ती बाई परत आली की गाडी जाईल, सही झालेलीच आहे, संध्याकाळची बस पकडून भिंगऱ्या जाईल, आणि मग दोघांत बोलायला वस्तूच उरणार नाही. उरेल फक्त गरम आहे का आणि गुडघा. तो उठला. आत गेला. खालचा कप्पा ओढला, चष्म्याचं घर उघडलं, चावी घेतली. बोटांना ती लागेना. हातात आहे की नाही हे बघण्यासाठी त्याला तळवा उघडून डोळ्यांपुढे धरावा लागला. आहे. तेलानं चकचकीत. ज्या हातानं तिला तेव्हा घट्ट धरून गप्प बसवलं, त्या हाताला आज ती जाणवतसुद्धा नव्हती.

बाहेर येऊन त्यानं ती पायरीवर, भिंगऱ्याच्या शेजारी ठेवली. दगडावर धातूचा बारीक आवाज झाला.

"हरवली नव्हती," दादा म्हणाला. आवाज त्याला स्वतःला परका वाटला. "मी नेली होती. त्या दिवशी सकाळी. तुला पायी फिरवायला. मुद्दाम."

भिंगऱ्यानं चावीकडे पाहिलं. उचलली नाही. दूर कुठंतरी इंजिनचा ठोका पुन्हा ऐकू यायला लागला होता, अजून नाक्यापलीकडे. मग त्यानं पाकीट काढलं, आतल्या कप्प्यात दोन बोटं घातली आणि काहीतरी काढून चावीच्या शेजारी ठेवलं. पितळेचा गोल, कडेनं झिजलेला, काळवंडलेला. त्यावर तीन टिंबं.

"माहीत आहे, दादा," तो म्हणाला. "खिळ्यावर हा होता."

दादा पायरीच्या दुसऱ्या टोकाला बसला. दोघांच्या मध्ये चावी आणि बिल्ला. टूलरूमच्या खिडकीत शेजारी शेजारी ठेवावेत तसे; एक घ्यायचं, एक परत द्यायचं.

"मग तू... का नाही बोललास? एकदा तरी बोलायचंस. शिव्या द्यायच्यास."

"आज आणला होता द्यायला. बसमध्ये दहा वेळा ठरवलं, द्यायचा, नाही द्यायचा. म्हटलं, गाडीबरोबर हेही जाऊ दे. सगळं सामान देतोयस तर..." तो हसायला गेला, पण ते जमलं नाही. "पहिल्या वर्षी राग आला. फार आला. तूच सांगशील असं वाटायचं. फोन वाजला की वाटायचं, आज सांगेल. मग वाटलं, जाऊ दे. एकाला कुणाला तरी नातं धरून ठेवावं लागतं."

"पण दवाखान्यात तू आधीच म्हणालास, मी हरवली. मी विचारायच्या आत."

"तुला नव्हतो म्हणालो ते पहिल्यांदा." भिंगऱ्याचे डोळे रस्त्यावरच होते. ठोका जवळ आला होता, वळणावर. "बाबांना उचलून दारातून नेताना ते पट्टीकडे बघायला लागले. तशातही. मी पटकन बिल्ला काढून मुठीत घेतला. त्यांना नीट दिसलं नाही. रिक्षात विचारायला लागले, खिळ्यावर कुणाचा बिल्ला होता रे? मी गप्प. पुन्हा विचारलं. मला म्हणवेना तुझं नाव, दादा. माझ्या मांडीवर डोकं होतं त्यांचं. मी म्हटलं, बिल्ला नव्हता, बाबा, चावी माझ्याच हातून हरवली." त्याचा अंगठा बिल्ल्याच्या टिंबांवरून फिरत होता, एक, दोन, तीन, पुन्हा एक. "मग ते एकच वाक्य बोलले. ते मी कुणाला सांगितलं नाही. बायकोलासुद्धा नाही. त्यानंतर ते काही बोललेच नाहीत."

"काय म्हणाले?"

गाडी फाटकाशी येऊन थांबली. इंजिन बंद झालं, आणि त्या शांततेत भिंगऱ्या म्हणाला, "म्हणाले, दादाकडून शीक काहीतरी."